सेकंदाला दहा

नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर ‘टेलिफोन एक्स्चेंज’ नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात, खिशात किंवा कानात टेलिफोन असतो, पण एक्स्चेंज कुठे म्हणून विचारलं तर तरुण मंडळी शेअरबाजाराचं ॲप उघडून दाखवतात. तिथून लकडगंज अगदी जवळ. आणि लकडगंजात, एका आरा मशीनच्या पाठीमागे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले आमचे काका चकतीच्या काळ्या फोनांच्या डायली तपासत बसलेले असतात.

कशासाठी, असं विचारायचं नाही. मी विचारलं होतं. “चुकीची असन त समजाले नोको का?” असं उत्तर मिळालं.

डायलीचा कायदा साधा आहे. चकती बोटाने फिरवायची आणि सोडून द्यायची. परत येताना ती लाइन तोडते-जोडते. एकच्या आकड्याला एक झटका, नऊला नऊ, शून्याला मात्र दहा. हे झटके सेकंदाला दहाच्या वेगाने पडायला हवेत. नऊ ते अकराच्या मध्ये असले तर एक्स्चेंज कुरकुर करत नसे. त्याच्या बाहेर गेले की तिकडचा सिलेक्टर पायऱ्या चढताना एखादी गाळायचा आणि तुमचा फोन भलत्याच घरी वाजायचा. आमचा नंबर आणि एका सागवानाच्या गोदामाचा नंबर यांत एकाच आकड्याचा फरक होता. त्यामुळे बल्लारशाहून माल कधी सुटला, हे गोदामाच्या मालकाआधी आमच्या आजीला कळायचं. भाव पटला नाही तर ती तसं सांगायचीही.

हा वेग सांभाळतो तो डायलीच्या पोटातला गव्हर्नर. दोन इवलीशी वजनं गरगर फिरतात, फिरताना बाहेर फाकतात आणि वाटीला घासून वेग आवरतात. घरोघरचे हौशी लोक त्यात शिलाई मशीनचं तेल सोडायचे. घासणंच संपलं की डायल सुसाट. उलट लकडगंजात लाकडाचा भुसा आत जाऊन बसला की डायल अशी रेंगाळायची, की शून्य परत येईपर्यंत आपण फोन कुणाला लावतोय याचा फेरविचार व्हावा. काही भांडणं अशीच टळली असणार.

काकांची हत्यारं दोन. एक नाशिकच्या मोटवानेचा काट्याचा मल्टिमीटर. तो ओहमवर लावून टोकं डायलीला जोडली की काटा पार उजवीकडे जातो. मग शून्य फिरवायचं. आपल्याकडच्या डायलीत लाइन दोन हिस्से तुटलेली आणि एक हिस्सा जोडलेली असते. इतक्या वेगाने हो-नाही करणं काट्याला जमत नाही, म्हणून तो एक तृतीयांशावर येऊन थरथरत उभा राहतो, संयुक्त सरकारातल्या मंत्र्यासारखा. हा देखावा जेमतेम सेकंदभर टिकतो. तेवढ्यात वाचायचं. चुकलं तर पुन्हा शून्य.

दुसरं हत्यार म्हणजे कबाडातून आणलेला ऑसिलोस्कोप. तो तापायला चहा होईपर्यंतचा वेळ घेतो, मग हिरवी रेघ उमटते. पण याची खुद्द परीक्षा कोण घेणार? काका घरच्या विजेच्या लाटांशी ताडून पाहतात. वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते, म्हणजे डायलीच्या एका झटक्यात तिच्या बरोबर ५ लाटा बसल्या पाहिजेत. पद्धत बिनतोड आहे, फक्त मधल्या आरा मशीनने तसं मानायला हवं. तिकडे ओंडका पात्याला लागला की इकडे रेघ अंग चोरते. मग काका खिडकीतून ओरडतात, “अबे, दोन मिनिट थांब ना! डायल पाहून राहिलो!” आश्चर्य म्हणजे तो थांबतो.

एकदा काकांनी हिशेब मांडला. मुंबईच्या ०२२ ला झटके १४, नागपूरच्या ०७१२ ला २०. “म्हणजे पाहा, विदर्भाचा इथंबी सहाचा अनुशेष!” मी त्यांना सांगितलं, अमेरिकेनेही १९४७ मध्ये न्यूयॉर्कला २१२ दिला, अवघे ५ झटके, मोठ्या शहरांना फोन लावणाऱ्यांच्या बोटांना कष्ट नकोत म्हणून. काकांना हे आवडलं. अन्याय जागतिक आहे म्हटल्यावर तो सोसायला बरा पडतो.

या आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचा जनक आल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान पुरवणारा. ऑपरेटरबाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे. म्हणून बाईच नको, असं यंत्र त्याने काढलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. ही गोष्ट ऐकून बाकी जग हसतं. लकडगंजातल्या लाकूडवाल्याने मात्र गंभीरपणे मान हलवली. शेवटचं गिऱ्हाईक हातचं जाणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक.

माझ्या मते मात्र डायलीचे खरे जाणकार जुने मुनीम. मालक रात्री डायलीला चिमुकलं कुलूप घालून जायचे आणि मुनीम फोन ठेवायच्या खटक्यावर बोटाने टिचक्या मारून अकोल्याला भावाशी बोलायचे. चारला चार टिचक्या, शून्याला दहा, त्याही ठेक्यात. ना मीटर, ना रेघ. अशा बोटांची कुठे नोंद नाही. बिलात होती, पण मालकाला वाचता आली नाही.

आता तर फायबरच्या बऱ्याच डब्यांना हे झटके कळतच नाहीत. तरी काकांकडे फोन येत असतात. दुरुस्तीला नव्हे, सजावटीला. परवा वर्धमाननगरच्या एका कॅफेवाल्याने काउंटरवर ठेवायचा फोन आणून दिला होता. आत तारच नव्हती, होता तो दिव्याचा होल्डर. काकांनी तरी डायल उघडली, भुसा झटकला, गव्हर्नर पुसला, आणि अजून साडेआठच भरते म्हणून फोन द्यायला नकार दिला.

“काका, नुसता शोभेचा आहे जी,” तो बिचारा म्हणाला. “संध्याकाळी उद्घाटन आहे.”

“मंग उद्या करा,” काका म्हणाले आणि पुन्हा शून्य फिरवलं.