दोन सूत

आर्ट स्कूलला फर्निचर डिझाइन घेतलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "नाक्यावरचा सुतार खुर्ची करतो आणि पैसे घेतो. तू खुर्ची करणार आणि वर पैसे भरणार. मग तुमच्यात शहाणा कोण?" मला इंटरमीजिएटला ए ग्रेड होती, त्यामुळे असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नसे.

पहिला महिना झकास गेला. सर अंधार करून स्लाइड्स दाखवत. बाउहाउस या जर्मन डिझाइन-शाळेतल्या मार्सेल ब्रॉयरने सायकलचं हँडल पाहिलं आणि त्याला वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची सुचली, साल १९२५. माझ्या सायकलकडे बघून मला आजवर फक्त पंक्चर सुचलं होतं. थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ मावत. वहीत मी 'साधेपणा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग वर्कशॉप सुरू झालं. बाउहाउसात सुरुवातीला प्रत्येक वर्कशॉपला दोन गुरू असत, एक कलावंत आणि एक कारागीर. आमचे कारागीर म्हणजे मिस्त्रीकाका. त्यांनी माझं ड्रॉइंग सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर बसायचं कुठं?" कन्सेप्ट नोटमध्ये मी 'शरीर आणि अवकाश यांचा संवाद' असं लिहिलं होतं. बसण्याचं लिहायचं राहूनच गेलं होतं.

शेवटी साधं स्टूल करायचं ठरलं. सागवान, १८ इंच उंची, खिळा-स्क्रू वर्ज्य. पायाला खाच पाडायची, आडव्या पट्टीला कुसू काढायचं आणि ते खाचेत ठोकून बसवायचं. काकांच्या रंध्यातून रिबिनीसारखी अखंड साल निघे, माझ्या रंध्यातून शिळ्या भाकरीचे तुकडे. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड मांजरासारखं अंगावर येतं, हे कुठल्याच स्लाइडमध्ये नव्हतं.

"कुसू ढिलं झालं," मी म्हणालो.

"किती?"

"थोडंसं."

"थोडंसं मीठ असतंय. सुतात सांग."

इंचाचे आठ सूत. माझं कुसू दोन सूत ढिलं होतं, म्हणजे पाव इंच, म्हणजे त्यात कुसवाबरोबर माझी करंगळीही राहिली असती.

इथे ए ग्रेड कामी आली. सगळे जेवायला गेल्यावर मी बाहेरून एक स्क्रू आवळला, वर भुसा आणि फेविकॉलचं लुकण भरलं, पॉलिश पेपर मारला. रेषासुद्धा जुळवल्या. खरं सांगतो, वर्षभरातलं माझं सर्वांत सफाईदार काम ते होतं.

काकांनी स्टूल उचललं, बोट फिरवलं. "छान. सांधा जरा साफ करून देतो," म्हणाले आणि रंधा घेतला. दुसऱ्या हाताला 'खर्रर्र' झालं.

ते ओरडले नाहीत. पातं काढून उजेडात धरलं, त्याला पडलेला खड्डा मला दाखवला आणि माझ्या हातात धारेचा दगड दिला. तीन दुपारी मी ते पातं घासत होतो. धार काढणं असं फुकट शिकलो. मग नवी पट्टी, नवं कुसू. तेही बिघडलं. तिसरं बसलं.

परीक्षणाच्या दिवशी सर स्टुलाखालच्या मोकळ्या जागेबद्दल दहा मिनिटं बोलले. काका सरळ येऊन बसले, भिंतीला पाठ टेकली आणि स्टूल मागच्या दोन पायांवर कलतं केलं. माणूस बसतो तसाच. काहीच मोडलं नाही.

"चालंल," ते म्हणाले.

स्टूल आता आमच्या हॉलमध्ये आहे. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, त्यामुळे माझं कुसू पावसाळ्यात घट्ट असतं आणि एप्रिलपासून कुरकुरायला लागतं. बाबा मे महिन्यात त्यावर कोणाला बसू देत नाहीत. तुम्हाला यायचं असेल तर जुलैत या.