नव्वद हजारांत लॅमिंग्टन रोड

मुंबईत सोनं घ्यायला झवेरी बाजारात जातात, कापड घ्यायला मंगलदास मार्केटला, आणि अख्ख्या घराची झोप उडवणारं यंत्र घ्यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो तुम्हाला परगावचे पाहुणे समजेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. १९४० साली लंडनमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा हेही जखमी झाले आणि त्याच वर्षी वारले. आपल्या नावाच्या रस्त्यावर पुढे ग्राफिक्स कार्डं विकली जाणार, हे बघणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं.

भाचा चिन्मय बारावी झाला. ताईने कॉम्प्युटरसाठी नव्वद हजार मंजूर केले, कारण चिन्मयने अर्जात 'इंजिनीअरिंगचा अभ्यास' असं कारण दिलं होतं. माझी उभी नोकरी वीज मंडळात गेली असल्याने तांत्रिक सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली.

डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो, आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरायचं. वाटेत चिन्मय यादी घोकत होता : रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, बत्तीस जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ५०६०. लोअर परळला दांडीला लोंबकळणारा एक तरुण न राहवून म्हणाला, "७६०० कशाला भावा? १२४००एफ घे, पैसे वाचतील." चिन्मय ताडकन म्हणाला, "त्या एफला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी." मुंबई सेंट्रल येईपर्यंत निम्मा डबा दोन गटांत विभागला गेला होता. प्रोसेसर म्हणजे काय हे न विचारण्याइतका शहाणपणा मी दाखवला.

पहिल्या दुकानात रॅमचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा रेट आत्ताचा आहे. चहा पिऊन परत आलात तर नवीन." २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा खेचून न्यायला सुरुवात केली आणि इकडे रॅमचा भाव भडकला. जगाला कविता लिहून देणारं यंत्र कुठेतरी परदेशात बसलंय आणि त्याचा भुर्दंड माझ्या ताईला. आमचं नव्वदचं बजेट इथेच सत्त्याण्णववर गेलं.

दुसऱ्या दुकानात कार्ड होतं, पण एकटं देणार नव्हते. त्यांचाच बोर्ड घ्यावा लागणार होता. वर मालकाने चिन्मयपुढे दुसरा मोह टाकला : "आरएक्स ९०६० एक्सटी बघा, सोळा जीबीचं." खोका हातात घेऊन पाहिला तर कोपऱ्यात ८ जीबी. या कार्डाला कंपनीने एकाच नावाखाली दोन अवतार दिलेत, आठचा आणि सोळाचा. फरक खोक्यावरच्या एका आकड्याचा आणि खिशातल्या काही हजारांचा. "सोळाचंच घ्या, थोडंच वर जाईल." या रस्त्यावर 'थोडंच वर' म्हणजे किमान चार हजार. बजेट एक लाख चारवर.

तिसऱ्या दुकानात काचेचं कॅबिनेट आणि त्यात गरगरणारे रंगीबेरंगी पंखे. गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपालाही एवढी रोषणाई नसते. "आत साडेचारशे वॉटचा एसएमपीएस फुकट," दुकानदार म्हणाला. फुकट आणि वॉट हे शब्द एका वाक्यात आले की वीज मंडळाचा माणूस जागा होतो. मी तो वीजपुरवठ्याचा डबा उचलला. रिकाम्या टिफिनइतका हलका. चष्मा पुसून लेबल वाचलं : वर ठसठशीत ४५० वॉट, आणि खाली बारक्या अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. ५०६० एकटंच १४५ वॉटपर्यंत खातं, प्रोसेसर ६५चा म्हणतात पण जोरात आला की त्याच्याही वर जातो. मी हा हिशेब मोठ्याने केला. दुकानदाराने डबा माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "अंकल, तुम्ही ब्रँडेड घ्या." चिन्मयने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं.

"बिल पाहिजे?" हा प्रश्न तिथे असा विचारतात की हो म्हणणाऱ्याला ओशाळल्यासारखं व्हावं. अठरा टक्के जीएसटीचा उल्लेख होतो, मग एक दीर्घ शांतता.

शेवटी एका जुन्या इमारतीत, अंधाऱ्या जिन्याने पहिल्या मजल्यावर गेलो. तिथले म्हातारे शेठ यादी न वाचताच म्हणाले, "मॉनिटर कुठला आहे?"

"बाबांच्या ऑफिसचा जुना," चिन्मय म्हणाला. "साठ हर्ट्झ."

शेठनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे तुझं कार्ड सेकंदाला एकशेवीस चित्रं काढणार, आणि तो मॉनिटर त्यातली साठच दाखवणार. बाकीची कोण बघणार, तुझे मामा?"

एवढ्या दुकानांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. शेठनी यादीवर लाल पेन चालवलं. रॅम बत्तीसऐवजी सोळा, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन्ही वाटा चालू राहतात. बी६५० च्या जागी साधा ए६२०. रोषणाई रद्द. कार्ड ५०६०च, कारण फुल एचडी पडद्याला तेवढं पुरतं. ६५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस कायम; त्याला हात लावला तर विकणार नाही म्हणाले. वाचलेल्या पैशांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला. बजेट परतीच्या गाडीत बसलं आणि नव्वदच्या जवळपास येऊन थांबलं. उठताना शेठनी चिन्मयला बजावलं, "घरी गेल्यावर बायोसमध्ये एक्स्पो चालू कर. नाहीतर सहा हजारच्या वेगाची रॅम अठ्ठेचाळीसशेवर रांगत बसेल."

तेव्हा वाचकहो, यादी खालून वर करा. आधी मॉनिटर ठरवा, मग त्याला झेपेल ते कार्ड, मग प्रोसेसर, आणि पैसे उरले तर दिवे. एसएमपीएसचं मोठं अक्षर वाचू नका, बारकं वाचा. बिल घ्याच, वॉरंटीला गेलात की दुकानदाराची ओळख नाही, बिलावरची तारीख कामाला येते. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक बाजार बंद असतो.