‘इम्पॉर्टंट’ शब्द आणि नांदगावचे आडनाव

‘इम्पॉर्टंट’ हा इंग्रजी शब्द वऱ्हाडात ‘इम्पॉटन’ होऊन असा रुळला आहे की त्याची व्याख्या विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि व्याख्या नसलेला शब्द वाटेल तिथे चिकटतो. आत वाहून आणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘इम्पोर्ट’ आणि ‘इम्पॉर्टंट’ हे दोन्ही शब्द निघाले असल्यामुळे, ‘इम्पोर्टेड’ ते सारे ‘इम्पॉर्टंट’ मानणारे गिऱ्हाईक व्युत्पत्तीच्या दृष्टीने फारसे चुकत नाही. ‘इम्पॉर्टंट’च्या ‘महत्त्वाचा’ या मराठी प्रतिशब्दातील ‘महत्त्व’ हा शब्द ‘महत्’ला ‘त्व’ हा भाववाचक प्रत्यय लागून होतो, म्हणून त्यात दोन ‘त’ येतात. तथापि ‘महत्वाची सूचना’ असे ठळक अक्षरांत रंगवणारे फलक त्यांपैकी एक बिनमहत्त्वाचा समजून गाळतात.

‘इम्पॉर्टंट’चे विद्यार्थी-रूप म्हणजे ‘आयएमपी’, अर्थात परीक्षेत हमखास येणार असे मानलेल्या प्रश्नाशेजारची खूण. पुढे खुणा वाढल्या की ‘व्हीआयएमपी’ निघते, आणि सर्वच प्रश्नांना ते लाभले की विद्यार्थ्याला नाइलाजाने सबंध पुस्तक वाचावे लागते, जो शिक्षकांचा मूळ आग्रह होता. सरकारी कागदांवर ‘तात्काळ’च्या जोडीला ‘अतितात्काळ’ आले, ते याच नियमाने. माणसांच्या बाबतीत ही खूण मोटारीच्या टपावर लाल दिव्याच्या रूपाने झळकत असे. १ मे २०१७ पासून तो दिवा उतरला, तरी त्याखालच्या माणसाचे महत्त्व त्याबरोबर उतरल्याचे आढळत नाही.

काय महत्त्वाचे याची खरी कसोटी अमरावती जिल्ह्यातील गावांच्या नावांत सापडते. तेथे चांदूर रेल्वे आहे तसे चांदूर बाजार आहे, आणि नांदगाव पेठ आहे तसे नांदगाव खंडेश्वरही आहे. यांतील ‘खंडेश्वर’ हे तेथील प्राचीन शिवमंदिरावरून आलेले गावाचे आडनाव होय. अमरावतीच्या स्थानकावर घाईत केवळ ‘नांदगाव’ म्हणणारा प्रवासी यवतमाळच्या वाटेवरील खंडेश्वराऐवजी नागपूरच्या वाटेवरील पेठेत उतरू शकतो, आणि मग “काऊन भाऊ, नांदगावच म्हटलं होतं ना?” या वाहकाच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. सारांश, जे वगळले असता निष्पत्ती बदलते, ते महत्त्वाचे.

ही व्याख्या व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्यांना लावू नये, असे काहींचे मत आहे. परंतु ते निराधार दिसते. पाहुणे वगळले तर कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि लवकर संपतो, म्हणजे निष्पत्ती निःसंशय बदलते, आणि त्यामुळे तेही शास्त्रशुद्ध अर्थाने महत्त्वाचे ठरतात.