सर्व्हरचा सातबारा मिळेल का?

फेडिव्हर्समधल्या मुरलेल्या रहिवाशांस,
कर्जत-खालापूरहून स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि भारतीयांचा लोंढा तुमच्या फेडिव्हर्समधल्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यातल्या, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या माध्यमाकडे वळला. आपण दारातच प्रेमाने विचारलंत, 'कोणत्या सर्व्हरवर उतरणार?' सर्व्हर म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे नावांची लांबलचक यादी ठेवायची आणि तिला स्वातंत्र्य म्हणायचं, याला प्रतिभाच लागते. एक चित्र, दोन ओळींचं वर्णन, सभासदांचा आकडा, घ्या निवडून! काही ठिकाणी वर 'इथे का यायचंय?' असा रकाना. तो भरून मंजुरीची वाट बघत बसायचं.

आमच्याकडे फार्महाऊससाठी प्लॉट बघायला येणारा मुंबईकरसुद्धा धबधब्याच्या फोटोवर इसार देत नाही. (देतात काही, त्यांचं सोडा.) तो सातबारा काढतो, फेरफार बघतो, इतर अधिकारात कूळ किंवा बोजा आहे का ते तपासतो, रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर हे विचारतो. तुमच्या यादीत यातलं काय आहे? बिल कोण भरतं, मालक कंटाळला तर कारभार कोणाकडे जाणार, कोणाकोणाशी संबंध तोडलेत, हे नवख्याने कुठे वाचायचं?

'कुठेही या, सगळे जोडलेलेच आहेत,' हे तुमचं लाडकं उत्तर. जून २०२३मध्ये रेडिटवर चिडलेली माणसं फेडिव्हर्समधल्या लेमी या चर्चामंचाकडे आली आणि त्याच महिन्यात तिथल्या बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडले. चर्चेचा विषय तोच, पण माणसं दोन तीरांवर! 'मग सर्व्हर बदला की.' मॅस्टोडॉनवर बदलता येतो. अनुयायी सोबत येतात, जुनं लिखाण मागेच राहतं. तेही सर्व्हर जागेवर असेल तर. क्विअर डॉट एएफ या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या पत्त्यातलं 'एएफ' अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानी राजवटीने तो पत्ताच बंद केला. मे २०२३मध्ये खुद्द मॅस्टोडॉनने आपल्या अ‍ॅपमध्ये स्वतःचाच सर्व्हर पुढे केला. नवख्याला निवड जमत नाही, याची ही घरचीच कबुली. तुमच्यातल्या अनेकांनी मात्र केंद्रीकरणाच्या नावाने बोंब ठोकली.

'तर मग कंपन्यांकडेच जा,' असंही म्हणाल. कू हे भारतीय समाजमाध्यम कंपनीचंच होतं, जुलै २०२४मध्ये गुंडाळलं. म्हणूनच तर माणसं तुमच्या दारात येतात, आणि म्हणूनच ही बेफिकिरी संताप आणते.

संबंध तोडणाऱ्या बीहॉची अडचण मात्र खरी होती. समोरच्याकडे नोंदणी खुली, लोंढा अफाट आणि घाण उपसायला मूठभर बिनपगारी स्वयंसेवक. तुमच्यापैकी कित्येक जण पदरमोड करून सर्व्हर चालवतात, शिव्या वाचतात, त्या पुसतात, आणि आभार मानायला कोणी फिरकत नाही. दमणारच माणूस. पण तुम्ही दमलाय हेच तर आत येण्याआधी कळायला हवं! 'एकटा चालवतो, वर्षभराची तजवीज आहे, अमक्यांशी बोलणं बंद आहे', यादीत नावाखाली एवढं लिहायला कोणतं तंत्रज्ञान अजून शोधायचं राहिलंय, तेवढं उलट टपाली कळवावं.