मी थांबतो की इथेच

रूपर्ट पपकिन सहसा कुणाला उलट बोलत नाही. वय ३४, कोरलेली मिशी, टापटीप सूट आणि बोलणं असं आर्जवी, की वेटिंग रूममध्ये शेजारी येऊन बसला तर आपण पाय आखडून त्याला जागा करून देऊ. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द किंग ऑफ कॉमेडी' (१९८३) या सिनेमातला हा रॉबर्ट डी निरो. न्यूयॉर्कच्या परिसरात आईच्या घरी राहतो. खोलीत त्याने टॉक-शोचा सेटच मांडलाय. पाहुणे म्हणून लायझा मिनेली आणि टीव्हीचा सम्राट जेरी लँगफर्ड, दोघंही पुठ्ठ्याचे. त्यांच्यात बसून साहेब गप्पा रंगवतात आणि आवाज वाढला की बाहेरून आई ओरडते. आई दिसत नाही, पण आवाज स्कॉर्सेसीच्या सख्ख्या आईचा. तिला तालमीची गरज पडली नसावी.

एका रात्री गर्दीतून वाचवण्याच्या निमित्ताने रूपर्ट जेरीच्या गाडीत शिरतो आणि त्याच्या शोमध्ये विनोद करायची संधी मागतो. पिच्छा सुटावा म्हणून जेरी म्हणतो, ऑफिसात फोन करा. असं कुणी म्हटलं की व्यवहारी माणूस काय ते समजतो. रूपर्टला मात्र नोकरी पक्की झाल्यासारखं वाटतं. मग ऑफिसच्या चकरा. साहेब नाहीत? हरकत नाही, मी थांबतो. आधी छोट्या क्लबांत अनुभव घ्या, असं सेक्रेटरी गोड शब्दांत सुचवते. तो ऐकून घेतो आणि पुन्हा थांबतो. शेवटी त्याला उचलून बाहेर काढावं लागतं. पुढे तर तो मैत्रिणीला घेऊन बोलावणं नसताना जेरीच्या गावाकडच्या बंगल्यात पाहुणा म्हणून हजर होतो! या मैत्रिणीला त्याने आपली सह्यांची वही दाखवलेली असते. बड्याबड्यांच्या सह्यांनंतर एक गिचमिड सही, ती कुणाला ओळखता येत नाही. ती त्याचीच.

जेरीच्याच मागे लागलेली त्याची जोडीदारीण माशा निदान उघडउघड वेडी आहे. चिकटपट्टीने खुर्चीला जखडलेल्या जेरीला ती मेणबत्त्यांच्या उजेडात जेवायला घालते. खेळण्यातलं पिस्तूल दाखवून दोघांनी त्याला पळवलेलं असतं. खंडणी एवढीच, की आजच्या शोची सुरुवात रूपर्ट करणार. आणि पंचाईत अशी, की त्याचे विनोद अगदीच टाकाऊ नसतात.

चित्रीकरण १९८१ सालचं, असे चाहते बातम्यांत असतानाचं. आदल्या डिसेंबरात जॉन लेननला ज्याने गोळ्या घातल्या, त्याने त्याच दिवशी लेननची सहीही घेतली होती. मार्चमध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळी झाडणारा 'टॅक्सी ड्रायव्हर' पाहून त्यातल्या जोडी फॉस्टरच्या मागे लागलेला. तो सिनेमाही स्कॉर्सेसी-डी निरोचाच. जेरीचं काम करणाऱ्या जेरी लुइसला तर चाहत्यांचं हे दुखणं घरचंच. सिनेमात रस्त्यात फोनवर बोलणारी एक बाई जेरीचं तोंडभर कौतुक करते, आजारी नातलगाशी दोन शब्द बोलायला सांगते आणि तो नाही म्हणताच 'तुला कॅन्सर होवो' असा शाप देते. हा प्रसंग लुइसच्या स्वतःच्या आयुष्यातला.

पडद्यावर रूपर्ट तुरुंगात जातो, शिक्षा पुरी व्हायच्या आत सुटतो, आत्मचरित्र खपवतो, टीव्हीवर झळकतो. निदान त्याच्या डोक्यात तरी. प्रत्यक्षात सिनेमावर सुमारे १.९ कोटी डॉलर खर्च झाले, अमेरिकेत परत आले जेमतेम २५ लाख. थिएटरात त्याला भेटायला फारसं कुणी फिरकलंच नाही.