रॉ दाबावी की दाबू नये? नवशिक्यांसाठी पाठ

कॅमेरा नवा असेल तर पहिले आठ दिवस फोटो काढू नयेत. मेनू उघडावा आणि रॉ, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, रेकॉर्डिंगच्या ओळीवर येऊन थांबावे. तिथे बहुधा तीन पर्याय दिसतील: अनकॉम्प्रेस्ड, लॉसलेस कॉम्प्रेस्ड आणि नुसते कॉम्प्रेस्ड. आता चिंतेला सुरुवात करावी. या छंदाचा निम्मा भाग चिंता आहे; उरलेला निम्मा बॅगा विकत घेण्यात जातो.

आधी हिशेब. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, दर पिक्सेलला १४ बिट. गुणून आठाने भागले की ४२ मेगाबाइट. हळदीपासून वरातीपर्यंत ३००० फोटो काढले तर १२६ जीबी. यांतले दोनशे अल्बमात जातील आणि त्यांतही निम्म्यांत कोणीतरी जिलबी खात असेल. तरीही प्रत्येक जिलबी अनकॉम्प्रेस्डच हवी, असे निक्षून सांगावे. साजूक तुपाचा डबा उघडल्यासारखे वाटते.

हे समाधान टिकवायचे असेल तर लॉसलेसचा अर्थ चुकूनही समजून घेऊ नये. घ्यायचाच असेल तर आजीची रामनामाची वही आठवावी. तिने लाख वेळा 'राम' लिहिले. 'राम, लाख वेळा' एवढेच लिहिले असते तरी मजकूर तोच राहिला असता; पुण्याचे काय ते चित्रगुप्त बघेल. कॅमेरा काहीसे असेच करतो. जवळजवळचे पिक्सेल बहुतेक सारखे असतात, म्हणून पूर्ण आकडा न मांडता आधीच्यापेक्षा किती कमी-जास्त एवढेच टिपतो. फाइल उघडली की प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत मिळतो. कॅननच्या पूर्ण आकाराच्या सीआर२ फायली अशाच असायच्या, तेही न विचारता. त्यामुळे कॅननवाल्यांना या वादात बरीच वर्षे प्रेक्षक म्हणून बसावे लागले. २०१८ साली ईओएस एम५० बरोबर सी-रॉ हा आणखी दाबणारा पर्याय आला आणि त्यांचीही सोय झाली.

आता खरे पाप: लॉसी, म्हणजे मेनूतले ते नुसते कॉम्प्रेस्ड, ज्यात काही आकडे परत मिळत नाहीत. इथे ६८३ हा आकडा पाठ करावा आणि चहाच्या टपरीवर संधी साधून सोडावा. निकॉनच्या २००४ सालच्या डी७० मध्ये १२ बिटांच्या ४०९६ पायऱ्या दाबून ६८३ केल्या जात. ऐकणारा हळहळतो. तो हळहळत असतानाच उठावे, कारण पुढचे स्पष्टीकरण मजा घालवते.

उजेड पावसासारखा थेंबाथेंबाने पडतो. दोन सारख्या बादल्या शेजारी ठेवल्या आणि सरासरी शंभर थेंब पडणार असतील, तर दहाएक इकडेतिकडे होतात. दहा हजार पडणार असतील तर शंभरेक. म्हणजे फोटोच्या लखलखीत भागात मोजणी मुळातच शंभराने डळमळते; तिथे शेवटचा थेंब मोजणे म्हणजे वऱ्हाडाला वाढलेल्या भाताची शिते मोजणे. निकॉनने काटकसर केली ती याच उजळ भागात. गडद भागातल्या पायऱ्या राखल्या, कारण पाच रुपयांतले दोन गेले तर कळतात.

सर्वच दाबणे असे शहाणे नसते. सोनीच्या जुन्या पद्धतीत एकाच रंगाच्या १६ पिक्सेलांचा गट करून त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा ११ बिटांत लिहीत. बाकीचे चौदा जण सात-सात बिटांच्या मापात बसवत. आभाळाचा सपाट तुकडा असला तर काही बिघडत नाही. पण हरिश्चंद्रगडावर रात्रभर कुडकुडत ताऱ्यांच्या रेषा टिपल्या असतील, तर एकाच गटात काळे आभाळ आणि पांढरी रेघ येते. माप मोठे होते आणि शॅडो उचलल्या की रेषेच्या कडेला कचकच दिसते. ही तक्रार खरी होती, हे मी लॉसीच्या बाजूने असूनही मान्य करतो. ओरड झाली. २०१५ मध्ये सोनीने अनकॉम्प्रेस्ड दिले आणि ए७आर२ ची फाइल ४२ मेगाबाइटच्या आसपास होती ती दुप्पट झाली. आजीच्या वहीची युक्ती मिळायला २०२१ उजाडले.

प्रात्यक्षिकासाठी हिवाळ्यात भिगवणला जावे. मेनूत अनकॉम्प्रेस्ड असल्याची खात्री करून पहाटे होडीत बसावे. रोहित पक्ष्यांचा थवा उठण्याआधीच, ते नुसते चिखलात माना घालून उभे असताना, उत्साहाने बटण दाबून धरावे. दुप्पट जड फायलींनी बफर लवकर तुंबतो आणि कार्डाचा लाल दिवा लुकलुकू लागतो. नेमका तेव्हाच थवा उठेल. शेदोनशे गुलाबी पंख डोक्यावरून जातील. अशा वेळी कॅमेरा हलवून बघू नये, तो कामात असतो.

नावाडी विचारेल, "साहेब, घावलं का?"

दिव्याकडे बघत राहावे.