एकशे बारा पौंडांचा जोर

मिनेसोटातल्या तळ्यावर १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेऊन जाणारा गृहस्थ ट्रोलिंग मोटर निवडायला बसला की समजावं, मासे काही काळ सुरक्षित आहेत. माशाला चाहूल लागू न देता होडी हळूच सरकवणारी ही विजेची मोटर शेजारच्या नॉर्थ डकोटात, फार्गो गावी १९३४ साली जन्मली. हिशेब सोपा आहे: भरल्या होडीच्या दर १०० पौंड वजनाला २ पौंड जोर. होडी, दोन माणसं आणि सामानसुमान मिळून १००० पौंड धरले तरी २० पुरतात. वारा सुटतो म्हणून ४० घ्या. पण शेजाऱ्याकडे ८० चा असताना ४० घेऊन घाटावर तोंड कसं दाखवायचं? म्हणून हा थेट ११२ वर जातो.

११२ ला लागतात ३६ व्होल्ट, म्हणजे १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या. शिशाच्या घेतल्या तर होडीत तिसरा माणूस बसवल्यासारखंच. फक्त हा वल्हं मारत नाही. वजन वाढलं म्हणून जोर हवा, जोर हवा म्हणून वजन. बरं, जोर वाढला म्हणून वेग वाढतो असंही नाही. पंखा फिरून फिरून किती फिरणार! दांडा पुरेसा लांब आहे का, लाटेवर पंखा हवेत तर येणार नाही ना, हे मात्र कोणी विचारत नाही. आता उपग्रहाच्या मदतीने एका जागी खिळून राहणाऱ्या मोटरीही निघाल्यात. हे काम पूर्वी दोरीला बांधलेला दगड करायचा, चार्जिंगशिवाय.

आणि एवढं करून गळाला लागलेला बास मासा फोटो काढून परत पाण्यातच सोडायचा असतो.